कुलपातली अंडी

कामठा,
५ जुलै २००३

चि. सौ. मंदास, रुक्माबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भिलाईचा उकाडा उतरला हे वाचून बरं वाटलं. इकडे धानाच्या रोवणीची धांदल आहे. सूनबाई स्नेहल बाळंतपण आटोपून माहेराहून आली. नात साक्षी गुटगुटीत आहे. नाक मात्र आपल्या घराण्याचं, म्हणजे चपटं. पोरगा लोकेश रायपूरकडे रस्त्याच्या कामावर आहे, धान कापायच्या वेळीच येईल.

एक विचारायचं आहे. कोंबड्या यंदा भरभरून अंडी देतात. मागच्या खोलीत धान साठवायची बांबूची ढोली आहे ना, तिच्याजवळ मडक्यात तूस भरून मी ती ठेवते. पण पावसात तूस कुबट होतं, मुंग्या लागतात. स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिली तर आतून घाम सुटला, अंडी नासली. तू शहरात राहतेस, तिकडे लोक कशात ठेवतात? धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येईल असं काही सांग.

आणखी एक, कुणाजवळ बोलू नकोस. अंडी कमी होऊन राहिली. घरात आम्ही दोघीच. मी तोंडाने काही म्हणत नाही, पण मला डोळे आहेत.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी, रुक्मा


भिलाई,
१३ जुलै २००३

ती. बाईस, मंदाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून हे म्हणाले, तुझी बहीण आपल्या ख्यालीखुशालीपेक्षा कोंबड्यांचीच जास्त लिहिते. मी म्हटलं, कोंबड्या तरी ऐकतात तिचं.

दुकानदार पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये अंडी ठेवतात, पण तुझ्या घरच्या ओलीत त्याचा लगदा होईल. माझ्या शेजारणीकडे प्लास्टिकची जाळीची टोपली आहे. खाली कापडाची घडी, वर सैल झाकण. हवा खेळते, आणि साबणाने धुतली की वर्षानुवर्षं चालते. तशीच एक आमच्या गल्लीतल्या चुन्नीलालच्या हाती पाठवते, तो गोंदियाला येतच असतो. अंडी धुवू नकोस, कोरड्या फडक्याने पूस आणि निमुळतं टोक खाली करून ठेव. मडक्याला आता सुट्टी.

सूनबाईचं म्हणशील, तर अंगावर पिणारं लेकरू आहे तिचं. खाल्ली तर खाऊ दे. आणि खाल्लीच असतील तर टरफलं कुठे गेली? आपण चोरून खायचो तेव्हा माय टरफलांवरूनच आपल्याला धरायची.

रागावू नकोस, नि मला विसरू नकोस.
तुझी, मंदा


कामठा,
३ ऑगस्ट २००३

चि. सौ. मंदास, सप्रेम जयभीम. वि. वि.

टोपली पोचली, फार सोयीची आहे. मडकं तुसासकट ढोलीच्या मागे सरकवून दिलं.

तरी अंडी जातातच. तुझं ऐकून उकिरडा उकरला, चुलीची राख चाळली, परसातला कोपरान् कोपरा पाहिला. टरफलाचा एक कपचा नाही. इतकी सफाई! शेवटी सूनबाईला सरळ विचारलं. तर म्हणे, खायचंच असतं तर मागून खाल्लं असतं, चोरू कायले? वर मलाच विचारते, यंदा घरात एकही उंदीर काऊन नाही? मी म्हटलं, नशीब समज. दरवर्षी पोती कुरतडून टाकतात.

भुरी कोंबडीही चाळे करून राहिली. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येते, मान ताठ करून कलकलते, पण आत पाय ठेवत नाही. कोंबडीलाही आता माझ्या घरात दोष दिसतो!

समोरच्या घनश्यामकडून जुनी पत्र्याची पेटी आणली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, तुझी टोपली आत नीट बसली. कुलूप लावलं. आता समजेल.

तब्येत सांभाळ, पत्र टाकत जा.
तुझी, रुक्मा


कामठा,
२ सप्टेंबर २००३

ती. मंदामावशींस, स्नेहलचा सविनय जयभीम. वि. वि.

सासूबाईंना न सांगता लिहिते आहे, क्षमा असावी. पेटीला कुलूप लागल्यापासून एकही अंडं गेलं नाही. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पेटी उघडून मला दाखवली आणि पुन्हा लावली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. विहिरीवर मी गेले की बायांचं बोलणं थांबतं. साक्षीच्या बाबांनाही पत्र गेलं. त्यांनी उत्तर दिलं की आईचं मन राखत जा. खरं काय, ते विचारलंसुद्धा नाही.

मावशी, मी एकही अंडं नेलं नाही.

समोरची खोली गळते म्हणून मी आणि साक्षी मागच्या खोलीत खाली अंथरून झोपतो. दुपारी तिला पाजताना ढोलीमागून आवाज येतो, सुपात धान हळू सरकवावं तसा. मी उठले की थांबतो. काल साक्षीच्या गोधडीजवळ सारवलेल्या जमिनीवर वळणावळणाची रेघ उमटली होती. सासूबाई म्हणाल्या, तुझाच पदर घासला असेल.

माहेरी जावंसं वाटतं. पण आता गेले तर चोर म्हणून गेले असंच होईल. काय करू, तुम्हीच सांगा.

लेकीसारखं धरून असा.
तुमची, स्नेहल


भिलाई,
६ सप्टेंबर २००३

ती. बाईस,

जयभीम नंतर घे. आधी साक्षीला उचलून अंगणात आण, मग पुढचं वाच. पोस्टावर विसंबले नाही, म्हणून चुन्नीलालला खास पाठवलं.

माणूस टरफलासकट अंडं गिळत नाही, बाई. उंदीर आपोआप संपत नाहीत. तुझ्या कोंबडीला जे कळलं ते आपल्याला कळलं नाही. तू कुलूप लावलंस तेव्हा त्याचं खाणं बंद झालं, ते घरातून गेलं नाही. आता ते उपाशी आहे आणि लेकरू त्याच जमिनीवर झोपतं. घनश्यामला बोलाव. ढोलीमागे हात घालू नकोस.

मंदा


कामठा,
१४ सप्टेंबर २००३

चि. सौ. मंदास, सप्रेम जयभीम. वि. वि.

पोरगी सुखरूप आहे, हे आधी लिहिते.

घनश्यामने ढोली हलवली तर मागे नाग होता, मडक्याला वेटोळं घालून. काठीला लटकवून त्याने तो पोत्यात घेतला आणि दूर नाल्यापलीकडे सोडला. मी सुटकेचा श्वास घेतला. मग त्याने मडकं उन्हात उलटं केलं. तुसात पांढरी, मऊ, कातड्यासारखी टरफलं निघाली. माझ्या कोंबड्यांची नव्हेत. सगळी फाटलेली, सगळी रिकामी. घनश्यामने लगेच पोती हलवायला घेतली. पोत्यांखालून त्याने तीन पिल्लं धरली. बाकीची म्हणे भिंतीच्या बिळांत असतील, नाही तर कौलांत. वीतभर असली तरी विषाला कमी नसतात.

आम्ही त्याच्या पडवीत राहायला आलो, आमच्या दारासमोरच. विहिरीवर मी सगळ्या बायांसमोर सांगितलं की चोर माझ्या मडक्याशी बसला होता, सूनबाईवर मी नाहक आळ घेतला. स्नेहलला म्हटलं, तू लेकरू घेऊन माहेरी जा, मी गाडी सांगते. ती म्हणाली, बायांनी ऐकलं, पण साक्षीच्या बाबांनी कुठे ऐकलं? ते येतील, तुम्ही त्यांच्यासमोर असंच बोलाल, मग जाईन. तोवर इथून हलणार नाही. मी हात जोडले, तिने साक्षीला दुसऱ्या कडेवर घेतलं. लोकेशला तार केली. ठेकेदार सोडत नाही, असा निरोप आला.

तिला कसं समजावू? माझ्या शब्दाला आता तिच्याजवळ वजन नाही, आणि ते मीच घालवलं.

साक्षी काल रांगायला लागली. पडवीत सोडली की इकडेतिकडे पाहत नाही, सरळ आपल्या घराच्या दाराकडे निघते. आम्ही दोघी पाळीपाळीने तिला परत आणतो.

माया असू दे. जमलं तर ये, पण दिवसाउजेडी ये.
तुझी, रुक्मा