पुलापलीकडचं ऊन

१५ सप्टेंबर, सोमवार

निंबझरीत पोचले, आणि गाव आवडलं. बाकी सगळं नंतर, हे आधी लिहून ठेवते. चंद्रपूरच्या माणसाला सावलीचं किती अप्रूप असतं ते दुसऱ्याला कळायचं नाही. आमच्याकडे सप्टेंबरातसुद्धा दुपारी चप्पल डांबराला चिकटते. इथे शेलूबाजारहून जीपने नाल्याच्या पुलापर्यंत आले आणि डोक्यावर कुणी ओला पंचा टाकावा तसं गार वाटलं. आभाळ गच्च भरलेलं, पण पाऊस नाही. वाराही नाही.

जीपवाले जगदेवभाऊ पुलावरच थांबले. पुढे रस्ता खराब आहे म्हणाले. दोन्ही बॅगा घेऊन मी चालत आले तर रस्ता चांगला गुळगुळीत! असो.

आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, मी एकटी नर्स, मागे माझं क्वार्टर. चावी मारोतरावांकडे होती. गावातले मोठे शेतकरी, वय सत्तरीचं, आवाज मऊ. मी त्यांना काकाजी म्हणायचं ठरवून टाकलं. त्यांच्या बायकोने, रंगूबाईंनी, पिठलं-भाकरी वाढली. सून मंजू माझ्याच वयाची. तिचा नवरा राजू बाळ व्हायच्या आधीच पुण्याला कामाला गेला. बाळ पाच महिन्यांचं, नाव बादल. गावात या नावाची आणखी दोन पोरं आहेत म्हणे.

रंगूबाई म्हणाल्या, "आमच्या गावात उनाचा तरास नाई, म्याडम. दोन मयन्यात गोऱ्या होसान."

आईला फोन करून सांगितलं, की तुझी ज्योत्स्ना थंड हवेच्या ठिकाणी नोकरीला लागली आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

मानसिक आरोग्याचा सर्व्हे सुरू केला. घरोघरी जाऊन चौदा प्रश्न विचारायचे. झोप लागते का, भूक लागते का, उदास वाटतं का. पंधरावा प्रश्न मी स्वतःच घातला, कारण मी आल्यापासून एकदाही सूर्य दिसलेला नाही. सतत ढगाळ हवा असल्यावर मनाला कसं वाटतं?

बरं वाटतं, असं सगळ्यांनी सांगितलं. बासष्ट घरं, एकच उत्तर. काहींनी तर मलाच उलट विचारलं, की उदास कायले वाटन? एका म्हातारीने माझा हात धरून सांगितलं, की पोरांसमोर उनाचं नाव घेऊ नका.

माणसं मुळ्याच्या रंगाची झालेली आहेत. एकाही घरावर वाळवण नाही. ना डाळ, ना मिरच्या. कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवतात, त्यामुळे सगळ्या गावाला धुराचा वास. सोयाबीन कमरेइतकं वाढलंय आणि एका झाडाला शेंग नाही. तरी माणसं दिवसभर आनंदाने त्यात खुरपतात, का ते कळत नाही. रेशनवर चालतं म्हणे.

चार वर्षांच्या आतली अकरा मुलं तपासली. नऊ जणांचे पाय गुडघ्यापासून वाकलेले. ड जीवनसत्त्वाचे थेंब मागवले आहेत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

औषधं आणायला शेलूबाजारला गेले. पुलाच्या मध्यावर सावली संपते. म्हणजे खरंच संपते, कुणी चुन्याने रेघ ओढल्यासारखी. पलीकडे लख्ख ऊन. मी वेड्यासारखी पाच मिनिटं उभी राहिले, तोंड वर करून.

जगदेवभाऊंना आज खोदून विचारलं. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात निंबझरीत एका आठवड्यात सात माणसं उष्माघाताने गेली. शेवटची मंजूची पहिली मुलगी, संस्कृती. सात वर्षांची होती. फाट्यावर जीपची वाट बघत मारोतरावांचा हात धरून उभी होती, तिथेच कोसळली. त्यानंतर सगळं गाव तीन दिवस पारावर बसून राहिलं. जेवलं नाही, रडलं नाही. चौथ्या दिवशी ढग आला, तो गेलाच नाही. जगदेवभाऊ म्हणाले, तुमी नोकरी करा अन् बदली मागा.

परत आले तर रंगूबाई माझ्या पायरीवर बसलेल्या.

"काहून गेल्ता तिकडे? तुमच्या आंगाले उनाचा वास येऊन राह्यला."

आणि घागर उचलून माझ्या डोक्यावर ओतली. मला वाटलं गंमत. त्या हसत नव्हत्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीचे दोन दिवस घरी जाऊन आले. गच्चीवर डोळ्यांतून पाणी थांबेना. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ. आई म्हणाली, कुंडीखाली उगवलेल्या गवतासारखी दिसतेस. उन्हाची ॲलर्जी असावी. कॅलामाइन लावलं.

इथे आले तर उपकेंद्राच्या छतावरच्या सोलर पॅनलवर ताडपत्री घातलेली, वर चारी बाजूंनी दोरखंड आवळलेला. काकाजींना विचारलं. शांतपणे म्हणाले, "आभायाले आरसा दाखवत नाईत, म्याडम." मी म्हटलं, लसींचा फ्रिज त्यावर चालतो. ते म्हणाले, चालत होता.

हा माणूस मला घाबरवत नव्हता. रस्ता समजावून सांगावा तसं सांगत होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

९ नोव्हेंबर, रविवार

मंजू एकटी आली. सासू झोपली म्हणून आली. बादलला टेबलावर ठेवलं. सात महिन्यांचा झाला तरी मान धरत नाही. मनगटं सुजलेली, डोक्याचं हाड बोटाने दाबलं तर चेंडूसारखं आत जातं. थेंब अजून आलेले नाहीत. वर तीनदा कळवलं.

तिने हळूच विचारलं, याले उनात नेलं तं बरा होईन का? मी म्हटलं, सकाळचं कोवळं ऊन दाखवा असं आम्ही प्रत्येक आईला सांगतो. तिने बादलचं टोपरं नीट केलं. मग म्हणाली, "एकीले उनानं खाल्लं, ताई. याले सावली खाऊन राह्यली."

मी तिला म्हटलं, मी आहे ना सोबत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हात दुखतोय. तरी लिहिते, कारण हे मीच केलं.

सकाळी साडेआठला पूल ओलांडला. जगदेवभाऊंची जीप उभी होती, शेलूबाजारला बालरोगतज्ज्ञांकडे जायचं ठरलं होतं. हिवाळ्याचं ऊन, अंगावर घ्यावंसं वाटणारं. मंजूने दुपटं बाजूला केलं. बादलने डोळे उघडले आणि हसला. ती म्हणाली, ताई, हा पयल्यांदाच हासला.

दोन मिनिटं झाली असतील. मग त्याच्या कपाळावर फोड आला. मग गालावर. गरम तव्यावर पापड फुगावा तसे भराभरा, माझ्या डोळ्यांदेखत. तो किंचाळत होता आणि डोळे मिटत नव्हता, सरळ सूर्याकडे बघत होता. मंजूने त्याला हातांनी झाकलं तर तिचे हात. मी ओढणी टाकली तर माझे. जगदेवभाऊ अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून त्याच उन्हात उभे होते. त्यांना काहीसुद्धा झालं नाही.

आम्ही सावलीत पळालो.

मंजूच्या हातांना पट्ट्या बांधल्या. बादलला मारोतरावांनी माझ्याकडून काढून घेतलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या डॉक्टरांना फोटो पाठवले. म्हणाले, ॲसिड पडलंय, बाळाला ताबडतोब आणा. कसं आणू? रात्री गाडी मागवली, गावकऱ्यांनी पुलावरूनच परत पाठवली. मंजूच्या दारात गेले तर रंगूबाई विळा घेऊन उभ्या. "पोराले हात लावसान तं पाहा."

आज मी एकटी पुलावर जाऊन आले. रेघेपलीकडे फक्त करंगळी धरली. नख काळं पडलं.

सव्वादोन महिने. फक्त सव्वादोन महिने राहिले इथे.

२२ नोव्हेंबर

दूध बंद. हातपंपावर गेले की बायका भांडी उचलून निघून जातात. गेल्या महिन्यात जिच्या बाळंतपणाला मी रात्रभर बसले होते ती माझ्यासमोर थुंकली. खिडकीतून दगड आला. फेकणारा लपला नाही, उभा राहून बघत होता.

जगदेवभाऊंचा फोन. रात्री निघा म्हणाले, मी पुलावर येतो. मी विचारलं, आणि सकाळी मी कुठे असेन?



२४ नोव्हेंबर

पहाटे बादल गेला.

मातीला जाऊ दिलं नाही. खिडकीतून बघितलं. मंजू रडत नव्हती. कुणीच नाही.

२५ नोव्हेंबर

दुपारी पारावर हातभर निळं दिसलं. आभाळ फाटलंय.

आधी मला आनंद झाला — मग ओरडणं ऐकू आलं. आग लागल्यासारखी माणसं पळत होती. पारावर झोपलेला एक म्हातारा उठू शकला नाही. त्याची पाठ — नको.

काकाजी खिडकीशी आले. रडत होते. म्हणाले, उनाले आमच्या घरची वाट ठाऊक नव्हती, तुमी दाखवली. मी म्हटलं, काकाजी, तुम्ही सगळे आजारी आहात, मीही आहे, मोठ्या डॉक्टरांना बोलावू. त्यांनी डोळे पुसले.

"उनाचं माणूस उनाले वापस द्या लागते, म्याडम. मंग थे जाते."

२६ नोव्हेंबर

त्यांनी खांबावरून माझी वायर काढली. फोन चार टक्के. आईला लावला. आवाज ऐकला. काही सांगितलं नाही. थंडी आहे का गं, म्हणाली.

दाराला बाहेरून कडी.

निळं मोठं झालंय. शाळेपर्यंत.

२७ — दुपार असावी

दार तोडत नाहीत. मला वाटलं दार तोडतील.

वर चढलेत. क्वार्टरचं छप्पर नुसतं पत्र्याचं. सगळे घोंगड्या पांघरून, डोक्यापासून पायापर्यंत. फटीतून दिसतात. फक्त खिळे उपसल्याचा आवाज —

पहिला पत्रा गेला. वर निळं.

जमिनीवर ऊन. वहीच्या पानाएवढं. इतकं सुंदर — किती दिवसांनी घरात —

कॉट सकाळीच बाहेर नेली त्यांनी, का ते आत्ता कळतंय. कोपऱ्यात बसलेय.

दुसरा.

मंजू आहे. घोंगडीतून हात बाहेर आला त्यावर पट्ट्या. मीच बांधल्या. हाक मारली. थांबली. वाटलं उतरेल. म्हणाली —

"ताई, डोये मिटून घ्या. माह्या पोरानं मिटले नवते."

आणि तिसरा —

पायापाशी आलं. मागे भिंत आहे. डोळे मिटता येत नाहीत, मिटतच नाहीत, मंजू, हे बघ, माझेसुद्धा —