पहाट विकायला काढली

४ मार्च, सोमवार

आज पहाटे देवापुढे बसण्याआधी आमच्या गोदामाच्या ड्रायव्हरला फोन करून उठवलं. रोज उशिरा येतो म्हणून साहेबांनी त्याला शेवटची ताकीद दिली होती. बिचारा शनिवारी काउंटरशी येऊन म्हणाला, "काका, तुम्ही तर कोंबड्याच्या आधी उठता. मला एक हाक मारा ना."

मारली. वेळेवर आला. आणि दुपारी पैसे पुढे केले! मी हात मागे घेतला तर म्हणतो, "घ्या हो. फुकटात उठवणारा माणूस उद्या विसरतो."

पहाटे उठायची सवय गावच्या शाळेतल्या मास्तरांनी लावली. घर जागं व्हायच्या आत तासभर देवाजवळ बसतो. त्या तासात बायको नाही, मुलगी नाही, गोदामातले नटबोल्ट नाहीत. माझं म्हणावं असं तेवढंच आहे. आज त्यातली दोन मिनिटं गेली. दोन मिनिटांसाठी देव काही रुसणार नाही.

९ मार्च, शनिवार

आमच्याकडे नुसत्या पगारावर आता कुणी जगत नाही. कॅशियर अत्तरं विकतो. टायपिस्टबाई संध्याकाळी लोकांना हसायला शिकवतात — ऑफिसात त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही! साहेब कुंडीतली बुटकी झाडं विकतात. ती सगळ्यांनी घेतलीत. साहेब टेबलाजवळ आले की कॅशियर म्हणतो, "छान वाढतंय हो झाड!" साहेबांचा चेहरा पडतो. ते झाड वाढायचंच नसतं.

ह्याने त्याच्याकडून घ्यायचं, त्याने ह्याच्याकडून. पैसे ऑफिसातल्या ऑफिसात फिरतात आणि प्रत्येकाच्या घरी अडगळ तेवढी वाढते.

मेव्हणा जेवायला आला होता. तो पाणी गाळायची यंत्रं विकतो. आमच्या घरात दोन आहेत. ड्रायव्हरची गोष्ट ऐकून त्याने घास खाली ठेवला. "भावजी! मला वाटायचं, तुमच्याकडे विकण्यासारखं काहीच नाही. अहो, अख्खी पहाट पडून आहे की!"

बायको हसली. पण नंतर म्हणाली, "फ्रिज खरंच जुना झालाय हो."

१७ मार्च, रविवार

मुलीने फोनवरून जाहिरात केली. मला न विचारता माझा फोटोही टाकला — मुंडावळ्या सोडल्या तर लग्नातल्यासारखा. गिऱ्हाइकं येताहेत!

२ एप्रिल, मंगळवार

ह्या धंद्यातली एक गोष्ट माझी मला कळली. "उठलात का?" विचारलं की माणूस "हो" म्हणतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून असा प्रश्न विचारायचा की उत्तराला डोकं लागेल. उत्तर दिलं की झोप गेलीच. टायपिस्टबाईंना विचारतो, "बोला, आज डब्याला काय?" त्या चिडून उठतात, पण उठतात. ड्रायव्हरला विचारतो, "गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?" तो ताडकन उठून शोधायला लागतो.

एक गिऱ्हाईक मात्र नवलाचं. निवृत्त घड्याळजी, एकटे राहतात. पहिली घंटी पुरती वाजत नाही तोच फोन उचलतात. आवाजात झोपेचा मागमूस नाही. मागे टिकटिक टिकटिक — दहा तरी घड्याळं असावीत! आज न राहवून विचारलं, "आजोबा, तुम्ही तर जागेच असता. घरात एवढी घड्याळं. मला कशाला पैसे देता?"

"घड्याळ विचारतं का, आज काय करणार म्हणून?"

मग त्यांनीच मला विचारलं, हा धंदा कसा सुचला. मी देवाजवळ बसण्याचं सांगितलं, प्रश्नाची युक्तीही सांगितली. खूप हसले. पुढचे सगळे फोन लांबले. साहेबही आता माझं गिऱ्हाईक आहेत. ते उशिरा उठले आणि सगळा दिवस आम्हाला भोवला.

१४ एप्रिल, रविवार

फ्रिज आला. घरात सगळे दार उघडून आत बघतात. आत काही नाही.

२९ एप्रिल, सोमवार

आज फार वाईट झालं. आणि फार हसू आलं.

आताशा देवाजवळचा तास उरलेला नाही. फोन संपले की राहिलेली चार मिनिटं बसायचं, एवढंच. आज बसलो, हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातून निघालं —

"बोला, आज डब्याला काय?"

देवाला!

बायको दारात उभी होती. तिथेच फतकल मारून बसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. वर विचारते, "मग? काय म्हणाले?"

मीही हसलो. मग पुन्हा हात जोडले, पण काही केल्या मन लागेना. रोज भेटणाऱ्या माणसाशी बोलायला शब्द सापडू नयेत तसं झालं.

५ मे, रविवार

माझा पडलेला चेहरा पाहून मेव्हण्याने तोडगा काढला. "प्रत्येकाचा प्रश्न तुमच्या आवाजात भरून ठेवू. फोन आपोआप लागतील. तुम्ही खुशाल देवाजवळ बसा, आवाज तिकडे कमावेल." मुलीने तासाभरात करून दाखवलं. स्वतःचा आवाज ऐकून चपापलो — मी एवढा गोड बोलतो?

उद्यापासून तास माझा. कमाईही माझी. देवाचीच कृपा म्हणायची.

८ मे, बुधवार

बसतो खरा. पण मिटल्या डोळ्यांपुढे येतं — ह्या क्षणी मी कुणाला तरी "बोला" म्हणतो आहे, आणि तो बोलला तर ऐकायला मी तिथे नाही.

११ मे, शनिवार

घड्याळजींचा दुपारी फोन आला. काउंटरवर गर्दी, तरी घेतला.

"रागावलात का माझ्यावर?"

"छे हो. का?"

"नाही, तुम्ही विचारता, बोला, आज काय करणार. मी सांगायला लागलो की फोन ठेवता. काल डोळे तपासायला जायचं होतं. तेच सांगत होतो."

काउंटरपलीकडून ड्रायव्हर म्हणतो, "काका, नट द्या ना!" चुकीच्या मापाचा दिला.

घरी येऊन सांगितलं, धंदा बंद. मेव्हणा म्हणाला, "भरल्या ताटावरून उठताय भावजी." मुलगी म्हणाली, "बाबा, आत्ता कुठे जम बसला होता!" बायको तेवढी म्हणाली, "फ्रिज आला ना घरात? मग झालं तर."

१३ मे, सोमवार

आज सगळ्यांना स्वतः फोन केले. सगळ्यांना एकच प्रश्न — "उद्यापासून तुम्हाला कोण उठवणार?"

ड्रायव्हर म्हणाला, "बायको. म्हणजे माझं काही खरं नाही." टायपिस्टबाई म्हणाल्या, "सुटले!" आणि चक्क हसल्या. साहेबांनी दीर्घ सुस्कारा सोडला.

घड्याळजींना सांगणार होतो की तुम्हाला करत जाईन, पैशांचं सोडा. पण ते आधीच म्हणाले, "बरं केलंत," आणि फोन ठेवला. माझं राहूनच गेलं.

१४ मे, मंगळवार

कुणाला उठवायचं नाही म्हणून की काय, आज मीच झोपून राहिलो! आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा. फोनने जाग आली. कानाशी टिकटिक टिकटिक.

"उठलात का?"

"हो, हो."

"हो म्हणणारा पुन्हा झोपतो," घड्याळजी म्हणाले. "बोला, आज देवाजवळ काय मागणार?"

किती तरी वेळ उत्तर सुचलं नाही. त्यांनी फोन ठेवला नाही.