जुगनू टूचं उत्तर

मी, सुहासिनी भालचंद्र धर्माधिकारी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार चिखली रोड, बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. अपेक्षा सावजी यांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचा मजकूर वाचून कोणाला तो दाखला खोटा वाटला, तर त्यात डॉक्टरांचा दोष नाही. याआधी मी मृत्युपत्र केलं नाही, कारण घाई नव्हती. आता आहे.

१. राहतं घर, मागच्या सीताफळाच्या झाडांसह, माझा एकुलता एक मुलगा धवल, राहणार पुणे, याला मिळावं. त्याने ते ठेवावं किंवा विकावं, माझी हरकत नाही. मात्र घर त्याच्या ताब्यात असेपर्यंत दिवेलागणीला त्याने अंगणात उभं राहू नये. कारण कलम चारमध्ये दिलं आहे. ते हसण्यावारी नेऊ नये.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नात गार्गीच्या शिक्षणासाठी. पाटल्या आणि गोठ सून मयुरीला. माझ्या आमटीला तिने कधी नावं ठेवली नाहीत, हे मी विसरलेले नाही. तांब्याचं घंगाळ नणंद अनुपमाताईंकडे चार दिवसांच्या बोलीवर गेलं होतं, ते अजून तिथेच आहे. ते त्यांनाच राहू द्यावं. पण ते मी दिलं असं लिहून ठेवते, म्हणजे त्यांनी नेलं असं कोणी म्हणायला नको. सत्कारात मिळालेल्या शाली गरजूंना वाटाव्यात. त्यातली जांभळी शाल हवाईदलातल्या यजमानांना 'जहाजाचे कॅप्टन' म्हणून पांघरली गेली होती. बुलढाण्यात जहाज कुठून आलं, हे त्या वक्त्यांनाच ठाऊक.

३. आता पदकं. भांडण यावरूनच होणार आहे.

माझे यजमान कै. ग्रुप कॅप्टन भालचंद्र धर्माधिकारी यांना एकाहत्तरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल वीरचक्र मिळालं, आणि पुढे स्क्वाड्रनचं नेतृत्व केल्याबद्दल विशिष्ट सेवा पदक. शिवाय मोहिमांची आणि दीर्घ सेवेची पदकं आहेत. सगळी एका पट्टीवर ओवलेली, देवघराशेजारच्या कपाटात. धवलला ती काचेच्या चौकटीत बसवून पुण्याच्या हॉलमध्ये लावायची आहेत. त्याने चौकटीचं मापही घेऊन नेलं आहे.

यातलं एकही पदक धवलला मिळू नये. त्याला राग येईल. येऊ दे. आईवर रागावलेला मुलगा जिवंत तरी असतो.

४. कारण.

लढाऊ विमानं चारच्या जथ्याने जात. पुढचा तो लीडर, मागचे टू, थ्री, फोर. लीडरने रेडिओवर जथ्याचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकाने आपला नंबर सांगायचा. सगळे नंबर आले की जथा पुरा. सगळे उतरेपर्यंत लीडरने रेडिओ बंद करायचा नाही. यांच्या जथ्याचं नाव होतं जुगनू.

यांचा फोर होता गोपाल अर्जुनराव घुगे, दुसरबीडचा. हे एकदा सुटीत वर्दी घालून तिथल्या शाळेत गेले होते; ती वर्दी पाहूनच तो पोरगा हवाईदलात आला. आमच्या लग्नानंतर तळावर पहिलं जेवण त्याला वाढलं. ठेचा मागून मागून खाल्ला त्याने.

डिसेंबरातल्या त्या दिवशी चौघे गेले आणि तिघे आले. टूने गोपालचं विमान शत्रूच्या हद्दीत जमिनीवर आदळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच वेळाने, आपली हद्द ओलांडल्यावर, यांनी सवयीने हाक दिली. टू आला. थ्री आला. आणि फोरही आला. स्वच्छ, नेहमीच्या आवाजात. हा यांचा भास म्हणून मी सोडून दिला असता, पण तो आवाज टूनेही ऐकला होता. पुढे एका लग्नात त्यांनीच मला हे सांगितलं, आणि हातातलं सरबत न पिता तसंच खाली ठेवलं.

सापडलं काहीच नाही. कागदावर गोपाल बेपत्ता राहिला.

तेव्हापासून हे रोज दिवेलागणीला अंगणात उभं राहून हाक देत. मी स्वयंपाकघरातून "टू" म्हणायची. धवल बोलायला लागल्यापासून तो "थ्री" म्हणायचा, खेळ समजून. मग हे मान किंचित तिरकी करून थांबत, आणि "बरं" म्हणून आत येत. त्या चौथ्या नंबरावर माझ्या पोटचं मूल बसू नये, म्हणून मी दुसरं होऊ दिलं नाही. हे यांना कधी बोलले नाही, इथे लिहिते. गार्गी लहान असताना एकदा म्हणाली, आजोबा, मी फोर होऊ? जन्मात आवाज न चढवलेला माणूस असा ओरडला की पोर महिनाभर त्यांच्याजवळ गेली नाही.

गेल्या वर्षी माघात हे गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दिवा लावला आणि घर इतकं सुनं वाटलं की मीच अंगणात जाऊन हाक दिली. उत्तर आलं.

"फोर."

आवाज तरुण होता, ठेचा मागणाऱ्याचा. कुठून आला ते सांगता येणार नाही; कानाला फोन लावल्यावर येतो तितक्या जवळून आला. मी घाबरले. दिवा हातातून पडला आणि मी तो उचललाही नाही.

यंदा उन्हाळ्यात गोपालची धाकटी बहीण जनकाबाई भेटायला आली. मी तिला विचारलं, इतकी वर्षं झाली, तुम्ही त्याचं क्रियाकर्म का केलं नाही? देह न सापडलेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, हे दोघींना माहीत होतं. तिने पदराला हात पुसले.

"बाई, माय सांगे, साहेब हाक मारून राह्यले तवर गोपाल वर हाय. वर असल्या मान्साचे पिंड कसे पाडाचे? मायनं मरतावक्तीबी तेच सांगतलं."

हे दरवर्षी दिवाळीला दुसरबीडला जात, गोपालच्या आईच्या, सोजराबाईंच्या पाया पडत. परत आले की मला सांगत, आईनेच पिंड पाडले नाहीत, तिला कळत असणार. मग मी हाक कशी थांबवू?

मी हे जनकाबाईला सांगितलं. दोघींच्या कपांतला चहा तसाच राहिला. माय साहेबांकडे बघून थांबली, साहेब मायकडे बघून थांबले, आणि पोरगं पन्नासच्या वर वर्षं आभाळात फिरत राहिलं. एकमेकांचा मान राखणारी माणसं असं करतात. मला त्या दोघांची कीव आली आणि रागही आला, आणि राग अजून गेलेला नाही.

यंदाच्या पितृपक्षात खडकपूर्णेच्या काठी विधी केला. पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. अग्नी दिला, पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते, एक खाली येईना. जनकाबाईने हात जोडून सगळं कबूल केलं: तुझ्या भाच्यांना सांभाळते, मायचा शब्द मोडला त्याची माफी. तरी येईना. दुपार डोक्यावर आली. गुरुजी दर्भाचा कावळा करू म्हणाले.

मी पिशवीतून पदकांची पट्टी काढली आणि उजवीकडे लावली. डावीकडे ज्याची त्याने लावायची, उजवीकडे मागे राहिलेल्याने. मग यांच्यासारखी मान वर करून म्हणाले, "जुगनू फोर, लँड."

वारा नव्हता. तरी नदीचं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत थरथरलं आणि आमचे पदर एकाच दिशेला उडाले. आवाज मुळीच नव्हता. मग कावळा उतरला.

त्या संध्याकाळी मी अंगणात हाक दिली. उत्तर आलं नाही. जनकाबाईला फोन करून सांगितलं आणि दोघी पोटभर रडलो. सुटलो असं वाटलं.

तुळशीच्या लग्नापासून पुन्हा आवाज येतो. आता तो गोपालचा नाही. यांचा आहे, आणि उत्तर नाही, हाक आहे.

"जुगनू टू?"

रोज दिवेलागणीला. घाई नाही, राग नाही. मान तिरकी करून थांबलेत, हे मला न बघता कळतं. फोर उतरला तो तिकडे, यांच्याजवळ. आता हे जथा पुरा करताहेत. लीडरला दुसरं काय येतं? मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण टूनंतर थ्री येतो, आणि माझा थ्री पुण्यात आहे, पन्नाशीचा, बीपीच्या गोळ्या घेणारा, अजूनही बापाची हाक आली तर धावत सुटेल असा. तो लहानपणापासून उत्तर द्यायला शिकलेला आहे.

५. म्हणून वीरचक्र जनकाबाईला द्यावं. त्या दिवसाचं ते आहे, त्या घरात शोभेल. मोहिमांची आणि दीर्घ सेवेची पदकं मी जिथे इतिहास शिकवला त्या शाळेला द्यावीत. नेतृत्वाबद्दलचं विशिष्ट सेवा पदक माझ्या देहावर उजवीकडे लावून मला न्यावं आणि ते काढून घेऊ नये. ते मी त्यांचं त्यांना परत करणार आहे आणि सांगणार आहे की नेतृत्व पुरे झालं, थ्रीला खाली काम आहे. माझं त्यांनी आजवर ऐकलं आहे. रागावून मात्र सांगावं लागतं.

६. धवल, माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला आणि मधल्या काळात एखाद्या संध्याकाळी तुला नंबर विचारला गेला, तर बोलू नकोस. कितीही ओळखीचा आवाज असला तरी. माझा असला तरी. दिवा लाव आणि गार्गीला फोन कर.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची अ‍ॅड. अर्पिता हिने करावी. सह्या झाल्यावर मी अंगणात जाणार आहे. साक्षीदारांनी चहा घ्यावा, बाहेर येऊ नये.

येणेप्रमाणे लिहिलेलं वाचून पाहिलं. बरोबर आहे.

सही: सुहासिनी भालचंद्र धर्माधिकारी

साक्षीदार: वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. हात स्थिर होता.
१. डॉ. अपेक्षा सावजी, बुलढाणा
२. हरिओम जवंजाळ, शेजारी, बुलढाणा

ठिकाण: बुलढाणा
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, दिवेलागण

सहीनंतरची नोंद, डॉ. सावजी यांच्या हातची: सूचनेप्रमाणे चहा घेतला. बाहेर गेलो नाही. बाईंचा "टू" दोघांनीही ऐकला. त्याच्या आधीची हाकही ऐकली.