डीपी जळली ते आठ दिवस

बोरी, ता. जिंतूर
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सविता वहिनी,

शिवकन्येचा नमस्कार. तुमच्या आई-अण्णांनाही सांगा. तुम्ही पोखर्णीला माहेरी जाऊन बावीस दिवस झाले. फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र महारुद्रदादाच्या हाती देतेय. उघडायचं नाही अशी शपथ घातलीय, पण तुमच्या नवऱ्याचा भरवसा नाही.

इकडे सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माझा बी.ए.चा निकाल लागला. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईनं सगळ्या आळीला पेढे वाटले. तुमचे डब्यात ठेवलेत.

आता कामाचं. परवा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझी वैनी लय हुशार. डीपी जळली तवा आठ दिवस ठणठणीत हुती. लाईट आली की हिचं धडधडणं सुरू. काम नको, दुसरं काय!"

आई बोलून मोकळी झाली, मी मात्र तिथंच अडकले. खरंच की. गावचा ट्रान्सफॉर्मर जळून लाईट नव्हती, ते आठ दिवस आपण हापशावरून पाणी आणलं आणि तुम्ही हसत होता. छाती धडधडणं, हात बधिर होणं, "श्वास येईना, मी मरायलेय" हे सगळं सकाळी, अंगणातल्या बोअरच्या स्टार्टरपाशी. दर वेळी. आणि आम्ही गोळा होऊन नाकाला कांदा लावायचो, तुम्हाला वारासुद्धा लागू द्यायचो नाही.

दादाला विचारलं. तो गायीच्या पाठीवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "तिचा भाऊ भुजंग विहिरीत उतरला हुता. मोटर लाव म्हणला, हिनं बटण दाबलं. पाण्यात करंट उतरला, त्यातच गेला त्यो. सातवीत हुती ती. पण त्याला बारा वर्षं झाली की गं."

वहिनी, शरीराला वर्षं मोजता येत नाहीत. बटणाचा तो खटका ऐकला की त्याला वाटतं, तेच पुन्हा घडतंय. मग ते जीव वाचवायला धावतं, आणि धावायला जागा नसते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्यानं जीव जात नाही, थोड्या वेळात ते ओसरतं. पण तेवढ्या वेळातलं मरण खरंच वाटतं. त्यात सोंग नसतं. आणि वायर कुठं उघडी पडलीय, हे सातवीतल्या पोरीला कसं कळावं?

हे सगळं मला तेव्हाच कळायला हवं होतं. याच विषयावर मी मानसशास्त्राच्या परीक्षेत चार पानं लिहिली, मार्कही चांगले पडले. त्याच महिन्यात जिंतूरला डॉक्टरांनी तुमच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, तो चांगला आला. त्यांनी आईला विचारलं, "घरात काही ताण आहे का?" आईच्या आधी मीच बोलले, "काही नाही हो, नाटकं आहेत."

तुम्ही पडद्यामागं होता. ऐकलंत, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी शिकलेली, म्हणून घरात तेच खरं ठरलं. आणि एस.टी. चुकेल म्हणून रोज न्हाणीतून "वहिनी, मोटर लावा" असं ओरडणारीही मीच.

आईला सगळं सांगितलं. आधी म्हणाली, "तोंडानं सांगावं का न्हाई मग?" नंतर तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

दादानं स्टार्टर गोठ्यामागं हलवलाय. पण नुसतं टाळून भीती जात नाही, वाढते. परभणीच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. तुम्ही म्हणालात तर सोबत येईन, बाहेर बाकावर बसेन. तुमच्या वतीनं एक शब्द बोलणार नाही.

रविवारी येतेय. परत चला म्हणायला नाही, ते तुम्ही ठरवा. माफी मागायला येतेय. ती पत्रात मागून चालणार नाही.

पुष्कळ शिकलेली, आणि तुम्हाला एकदाही न विचारलेली,
तुमची नणंद
शिवकन्या