बावीस मिनिटांत आटोपलेलं भाषण

अमरावती, मंगळवार

सन्माननीय पंजाबराव जावईबापू यांना, वयानं मोठा पण मुलीकडचा म्हणून नात्यानं कायमचा लहान राहिलेल्या सूर्यभानचा वाकून नमस्कार.

दुर्गाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल. तिला म्हणावं, चुलीपुढं बसू नकोस आणि मोबाइलपुढंही बसू नकोस. (ती दोन्ही करील, धाकटी बहीण आहे माझी.) परवाच्या वाऱ्यात हिवरखेडकडची केळी आडवी झाल्याचं वाचलं; तुमचा बगीचा उभा असावा. फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही "हो, हो, थांबा, इले देतो" म्हणता आणि फोन दुर्गाच्या हातात जातो. पत्राला ही सोय नाही.

आपण लेकीला, प्रणालीला, माझ्याकडं पाठवताना सांगितलं होतं, "तुमी एवढे बोलता गावोगावी, हिले समजवा. पाच वर्षं मुंबईत वाजवून राह्यली, एका ठिकाणी नाव नाही. आता चेन्नईले जातो म्हंते. तिचं डोकं ठिकाणावर आणा अन् तेल्हाऱ्याच्या पतसंस्थेतल्या जागेचा अर्ज भरून घ्या." कामगिरी मी आनंदानं पत्करली. सलग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बोललो. पोरगी गुणी आहे, सगळं ऐकून घेते. फक्त ऐकताना डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत असतात, त्यामुळं आपण कोणाशी बोलतो आहोत आणि ती कोणाशी, हे नीटसं कळत नाही.

तिचं काम काय, हे तुमच्याप्रमाणं मलाही ठाऊक नव्हतं. चार जाड तारांची ती गिटार, तिला बास म्हणतात. स्टुडिओतून बोलावणं येतं, ही जाते, दोन तासांत दुसऱ्याच्या गाण्यात आपला भाग वाजवते आणि घरी येते. गाणं गावभर वाजतं, हिचं नाव कुठंही नसतं. आता चेन्नईत दोन महिन्यांचं काम आहे, जॅझ-फ्यूजन नावाच्या प्रकाराचं. मी अर्थ विचारला. म्हणाली, "मामा, कपाशीच्या ओळींमधी तुरीचं तास अस्ते नं, तसं. दोन्ही पिकं आपापल्या परीनं वाढते, वावर एकच."

"अन् तू त्यातलं कोणतं पीक?"

"मी पीक नाही. मी वावर."

मी तिला जागच्या जागी सुनावलं की वावराला निदान सातबारा असतो, गट नंबर असतो. तुला तोही नाही. माझं नाव, जावईबापू, दोन जिल्ह्यांतल्या निमंत्रणपत्रिकांवर ठळक अक्षरात छापलं जातं (अंजनगाव सुर्जीला एकदा बारीक छापलं, तर मी अध्यक्षांचाही वेळ बोलून घेतला), तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे, असं मी समजत होतो.

रविवारी अकोल्यात माझं व्याख्यान होतं, विषय 'श्रमाची प्रतिष्ठा'. म्हटलं, हिला घेऊन जावं. मामाचं नाव काय चीज आहे ते डोळ्यांनी पाहील. ती आली, पण गिटार पाठीवर घेऊन. दुसऱ्याच्या घरी वाद्य ठेवून ती बाहेर जात नाही, माझ्याही नाही. एसटीत वाहकानं त्या पिशवीकडं बघून विचारलं, "फवारणीचा पंप हाये का?" ती म्हणाली, "हाव." एवढ्यावर वाद मिटला. तिच्या जागी मी असतो तर बडनेऱ्यापर्यंत समजावलं असतं.

आपल्याकडं वक्त्याच्या आधी गाणी लागतात, नाहीतर खुर्च्या भरत नाहीत. पुंजाराम नावाच्या गृहस्थांची गाणारी मंडळी आली होती, पण त्यांचा कीबोर्डवाला आलाच नव्हता. त्यांनी पिशवी पाहिली आणि म्हणाले, "ताई, वाजवता का? खालचा सूर धरला तरी होते." कीबोर्डची रिकामी वायर गिटारला लावून ती मागं सतरंजीवर जाऊन बसली. गाणी झाली, मंडळी तिथंच बसून राहिली आणि मी उभा राहिलो.

त्या दिवशीचं माझं भाषण. आत्मस्तुतीचा दोष पत्करून लिहितो, तसं भाषण मला आजवर साधलं नव्हतं. एरवी दहाव्या मिनिटाला मागची रांग चहाला उठते. त्या दिवशी उठलेली माणसं परत बसली. माझा आवाज जमिनीतून वर येतो आहे असं वाटत होतं. थांबावं तिथं थांबलो, आणि सव्वा तासाच्या आधी ज्याच्या तोंडून कधी 'धन्यवाद' निघाला नाही, तो मी बाविसाव्या मिनिटाला 'धन्यवाद' म्हणून खाली बसलो. टाळ्या थांबेनात. आयोजक म्हणाले, "सर, आज आवाजात काही येगळंच होतं." मी म्हणालो, साधना.

सोमवारी त्यांनी मोबाइलवर चित्रण पाठवलं. मी तीनदा ऐकलं. नेहमीचंच भाषण होतं, दोन दाखले तर मागच्या वर्षीचे. मग लोक बसले कशानं? माझी अस्वस्थता पाहून प्रणालीनं आपले मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. म्हणाली, "मोबाइलमधून खालचं ऐकू येत नाही, मामा."

माझ्या प्रत्येक वाक्याखाली ती होती. मी चढलो की तिनं खालून उचललं होतं. मी विषय सोडून भलतीकडं गेलो की तिनं हळूच परत आणलं होतं. मी ज्या जागा माझ्या समजत होतो, त्या तिच्या होत्या.

"लोक उठून चालले होते," ती म्हणाली. "म्हणून खालून धरलं."

"अन् मंग बाविसाव्या मिनिटाले संपवलं काहून?"

"मी कायले संपवू? तुमचंच संपलं होतं, मामा. तुमाले माईत नोतं."

जावईबापू, ज्याचा हात दिसत नाही त्याच्या जिवावर जग उभं आहे, हे मी चाळीस वर्षं गावोगावी सांगत आलो. त्यावर टाळ्या घेतल्या, शाली घेतल्या, घरात त्यांचं कपाट भरलं आहे. आणि असा हात माझ्याच घरी येऊन राहिला, तेव्हा मी त्याला विचारत होतो, तुझं नाव कुठं छापलंय? ही चूक तुमची नाही. तुम्ही व्याख्यानं देत नाही.

दुर्गाला आशीर्वाद. तुम्ही गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
सूर्यभान

ता. क. : येत्या रविवारी सकाळी प्रणाली अकोल्याहून हैदराबादच्या गाडीनं निघते, पुढं चेन्नई. तुम्ही दोघं अकोटवरून पहिल्या एसटीनं स्टेशनवर यावं. मी भाषण करणार नाही.

पुन्हा ता. क. : पतसंस्थेचा अर्ज तुम्ही भरून घेऊन पोस्टात टाकायला प्रणालीबरोबर माझ्याकडं पाठवला होता. तो माझ्या टेबलावरच आहे. मुदत काल संपली.

शेवटचं : तिची एकच अट होती, बाबा हो म्हणाले तरच जाईन. तुम्ही हो म्हणालात, असं मी तिला काल रात्री सांगून टाकलं आहे. ती आत जाऊन मामीजवळ, आमच्या आशाबाईंजवळ, बसली आणि बराच वेळ रडली. व्यासपीठावरून मी आजवर खोटं बोललो नाही, घरात बोललो. ते रविवारच्या आत खरं करून द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.