जयाच्या नावापुढची खूण

सुनीलभाऊ,

हे तुह्या तोंडावर बोलता येत नाही म्हणून लिहून राह्यली.

जया यवतमाळच्या दवाखान्यात पडून आहे, सातव्या महिन्यात झालेलं लेकरू काचेच्या पेटीत आहे, अन् तू व्हरांड्यात लोकाइले सांगून राह्यला, "तिनं पाण्याचा हंडा उचलला म्हणून असं झालं." कायचा हंडा? आपल्या तांड्याची आशा सेविका मी आहे, मले नको शिकवू. मोठी पोरगी सहा महिन्यांची झाली नाही तं जयाले परत दिवस गेले. तिचं अंग भरून यायले वेळ देला का तुनं? दोन बाळंतपणात अंतर कमी असलं तं लेकरू दिवसाआधी यायचा धोका वाढते, हे मी घरोघरी सांगते, लोकाइच्या सासवाइसंग भांडते. अन् आपली याडी, सोताची माय, म्हणते, सुनेचं अंगच कमजोर!

आज डॉक्टरीनबाईनं मोठीचं वय इचारलं, तवा तू खाली पाह्यलं. मंग तिनं माह्यं रजिस्टर मांगितलं. जयाच्या नावापुढं माह्या हातची खूण आहे, "अंतराबद्दल समजावून सांगितलं." खोटी खूण आहे ते. भावाच्या घरात बहिणीनं असलं बोलावं कसं, म्हणून त्या दिवशी मी नुसता चहा पिऊन आलती.

बाईनं जयाले इचारलं, "ननंदेनं सांगितलं होतं ना?"

जयानं माह्याकडं पाह्यलं, अन् हो म्हणली.

तुह्याइतकीच गुन्हेगार,
ममता