दाजीकडे दिलेला लॅपटॉप

९ डिसेंबर

बंद! जेवायला उठले तेव्हा चालू होता, हात धुऊन आले तर बंद. बटण दाबून धरलं — ढिम्म!

एकोणीसला मस्कतच्या माझ्या जुन्या शाळेत नोकरीसाठी मुलाखत. बोलणं फोनवर होईल, पण दाखवायचा नमुना-पाठ याच्यातच! सासूबाईंना, म्हणजे माईंना, यातलं काही सांगितलेलं नाही. विश्वेश जहाजावर, जूनपर्यंत येत नाही. मी गेले की त्या घरात एकट्या. आधी निवड होऊ दे, मग सांगेन.

१० डिसेंबर

मालवणात लॅपटॉप कोण दुरुस्त करतं, मला काय ठाऊक! जन्म मस्कतचा, एकतीस वर्षं तिथेच. पासपोर्ट भारताचा असला तरी माझ्यासाठी परदेश हाच. माई म्हणाल्या, "आमच्या दाजीकडे दी. घरचो माणूस."

कसला घरचा माणूस! पावती नाही, दुकानाला पाटी नाही. लॅपटॉप उघडला, चक्क नाक लावून हुंगला, आणि माझ्याकडे न बघता माईंकडे बघितलं. माई पंख्याकडे बघत होत्या. मग वर चिठ्ठी चिकटवली — "विश्वेशची बायको". अहो, चारुता नाव आहे मला! वर पासवर्डही मागितला. द्यावा लागला.

त्यात शाळेची पत्रं आहेत. हा वाचणार आणि माईंना सांगणार.

१२ डिसेंबर

फोन केला. "बघतंय."

१३ डिसेंबर

"बघतंय."

१४ डिसेंबर

माई फारच गोड वागतायत. माझ्यासाठी कमी तिखटाची आमटी वेगळी. त्यांची ती गुलाबी सोलकढी माझ्या घशाखाली उतरत नाही, तर हल्ली आग्रहही नाही. स्वतःच दोन वाट्या पितात. मध्येच म्हणाल्या, "लॅपटॉप नाय तर काय अडता गो?"

हे का विचारावं? दाजीने सांगितलंच असणार!

१६ डिसेंबर

दुकानाला कुलूप. फोन बंद. झालं! समोरचा पानवाला म्हणाला, "तेचा घर आचऱ्याक." स्कूटर काढली.

आचऱ्यात सगळी दारं बंद. कुत्रं नाही, कोंबडी नाही, विहिरीवर कळशी उपडी. भर दुपारी! हाक मारली तर माझीच मला ऐकू आली. एका लॅपटॉपसाठी अख्खा गाव पळाला की काय!

घाबरून दुसऱ्या वाटेने बाहेर पडले, तर वेशीपलीकडच्या माळावर झोपड्याच झोपड्या. चुली, गुरं, पोरंटोरं. एक बाई धावत आली — "गो, आत खंय गेल्लंस? गावपळण आसा!" ही रसिका, दाजीची बायको. तीन दिवस गाव देवासाठी मोकळा करायचा म्हणे. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर. सगळ्या तालुक्याला ठाऊक! मग माईंना नसेल? एका शब्दाने बोलल्या नाहीत.

आणि दाजी? झोपडीत बसून माझाच लॅपटॉप दाताच्या ब्रशने साफ करत होता. "तुमचा काम अर्धा होता, म्हणान वांगडा हाडलंय." म्हणजे सोबत घेऊनच आला होता!

पत्रं वाचलीत का? तोंडावरच विचारलं.

"चालूच होईना, तर वाचू कसा?"

लाज वाटली. मग त्याने ब्रश पुढे केला. गुलाबी! "सोलकढी. पयल्याच दिवशी वास इलो माका. पण माईसमोर कसा सांगू?"

रस्ताभर डोक्यात एकच विचार. मी तर सोलकढी पीत नाही.

१८ डिसेंबर

गाव भरला, सगळे घरी परतले. दाजी स्वतः लॅपटॉप घेऊन आला. चालू! पाठ शाबूत. एक बटण तेवढं अडकतं. माई आतून बाहेर आल्याच नाहीत.

१९ डिसेंबर

सकाळी विचारलं. "माई, सांडली की ओतलीत?"

"ओतलंय," म्हणाल्या. "फोनार बोलत होतंस, ता आयकलंय. तू जातलंस म्हणान."

ओरडणार होते. रडूच आलं.

अकरा वाजता मुलाखत. माई शेजारच्यांना टीव्ही बंद करायला सांगून आल्या. आता बाहेर पायरीवर बसल्यात — कोणालाही आत सोडत नाहीत.